वळणाचं कुलूप

सकाळचा पहिला फोन भूपाल आण्णांचा होता, पण बोलत होती एक बाई.

"नमस्कार. मी भूपाल चौगुले बोलत आहे. माझा आवाज हरवला आहे. कृपया त्वरित लक्ष द्यावे."

त्रिशला मगदूमने चहाचा कप तसाच खाली ठेवला. उभी हयात सांगलीच्या बाजारात गुळाचे सौदे पुकारण्यात घालवलेला हा माणूस. 'कृपया' आणि 'त्वरित' हे शब्द त्याच्या तोंडून चुकूनसुद्धा कधी निघाले नसतील. ते निघत होते त्याच्या गळ्यातल्या पट्टीतून, आणि पट्टीत कालपर्यंत जो आवाज होता तो आज तिथे नव्हता.

दुपारपर्यंत असे फोन येतच राहिले. कुपवाडचे मास्तर, जतची बांगडीवाली, कागवाडचा बसड्रायव्हर. आवाज मात्र सगळ्यांचा एकच, स्टेशनवरच्या घोषणेसारखा गोड आणि स्वच्छ. पट्टीला मूळ आवाज मिळाला नाही की ती या ठेवणीतल्या आवाजावर येते. लोक त्याला सरकारी आवाज म्हणतात. तो नुसता बोलत नाही, बोलणं सुधारूनही देतो. आण्णांनी ओठांनी 'आवं ताई, काय झालंय बगा की' म्हटलं की बाहेर पडतं 'कृपया लक्ष द्यावे'.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. तंबाखूने घसा खाल्लेली माणसं लांबलांबून इथे येतात, आणि डॉक्टरांना कधीकधी अख्खं स्वरयंत्रच काढून टाकावं लागतं. माणूस वाचतो, आवाज जातो. त्रिशला वाचा-उपचार करायची. मुक्या झालेल्या माणसांना पाटीवर लिहून बोलायला शिकवून शिकवून तिचा जीव विटला, तेव्हा तिने 'स्वरठेव' काढली. ऑपरेशनच्या आधी पेशंटने इथे येऊन बसायचं, मनसोक्त बोलायचं, हाका मारायच्या, भांडायचं, शिव्यासुद्धा द्यायच्या. त्या बोलण्यातून यंत्र त्याच्या आवाजाचा साचा तयार करतं. पुढे गळ्यातली पट्टी ओठांची आणि मानेच्या स्नायूंची हालचाल वाचते आणि त्या साच्यातून बोलते. साचा पट्टीत ठेवत नाहीत, कारण पट्ट्या चोरीला जातात, आणि आवाज हाती लागला की त्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते करता येतं. साचे असतात क्लाउडवर, कुलुपात. पट्टी रोज तिथून थोडा थोडा आवाज उसना आणते.

त्या कुलुपाने त्रिशलालाच आत घ्यायचं बंद केलं होतं. पडद्यावर एवढंच येत होतं: 'आपली ओळख पटत नाही.'

हे कुलूप कसलं, ते सांगायला हवं. पासवर्ड केव्हाच इतिहासजमा झाले होते. बोटाचा ठसा, चेहरा, डोळ्याची बाहुली, सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करायला लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाच्या शरीराचा नाद सोडून त्याच्या सवयी धरल्या. तुम्ही कोणतं अक्षर दाबताना अडखळता, चूक केल्यावर किती वेळाने सुधारता, कोणत्या निर्णयापाशी थबकता, एखादी गोष्ट पुसण्याआधी किती घुटमळता. अशा हजारो बारीकसारीक लकबी मिळून माणसाचं वळण होतं. अक्षराला वळण असतं तसं कामालाही असतंच. यंत्र ते वर्षानुवर्षं शिकत राहतं आणि त्या वळणातूनच, दर वेळी नव्याने, कुलपाची किल्ली घडवतं. किल्ली कुठेच ठेवलेली नसते, म्हणून कुणी चोरू शकत नाही. कंपनीकडेही ती नसते, म्हणून कंपनीच्या पाया पडूनही उपयोग नसतो.

तरी त्रिशलाने फोन केलाच. बऱ्याच वेळाने क्लाउड कंपनीची एक अधिकारी बाई मिळाली, बोलणं शांत आणि छापील. त्रिशलाने आधार कार्ड, दुकानाचा परवाना, जन्मदाखला सगळं दाखवायची तयारी दर्शवली. बाई म्हणाली की कागद कुणीही बनवतं. आजारपणाने, बाळंतपणाने, घरातल्या मृत्यूने माणसाचं वळण बदलतं हे यंत्राला ठाऊक आहे. म्हणून ते सांभाळून घेतं, इशारे देतं. गेले सहा महिने तुम्हाला इशारे येत होते. त्रिशलाला आठवलं, येत होते खरे. प्रत्येक वेळी तिने 'नंतर' म्हणून ते बाजूला सारले होते.

"मॅडम, खातेदार व्यक्ती डावखुरी आहे," बाई म्हणाली. "आपण?"

त्रिशला उजव्या हाताची होती.

बाई पुढे वाचत गेली. ही व्यक्ती शुक्रवारी दुपारी न चुकता तासभर उठते. रोज सूर्य मावळायच्या आत जेवायला उठते. पुसण्याचं बटण दाबण्याआधी ती थांबते, 'करू?' असं विचारते, स्वतःलाच 'कर' असं उत्तर देते आणि मग दाबते. हे वळण आपल्याशी जुळत नाही. महिनाअखेरपर्यंत जुळलं नाही तर बेवारस माहितीच्या कायद्याप्रमाणे सगळं कायमचं पुसलं जाईल.

त्रिशलाने फोन ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली.

सूर्यास्ताआधी जेवणारी ती स्वतः होती. मगदुमांच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाला घरी जायची ती रुबिना, स्वरठेवीतली तिची भागीदार. डावखुरी, तीही रुबिनाच. खातं उघडताना अर्जात एकच नाव मागितलं होतं. 'टाक गं तुझं, आपल्याला काय फरक पडतोय' असं रुबिना म्हणाली होती, आणि आपल्याकडे दहातली नऊ दुकानं अशीच चालतात. त्रिशला ऐकायची, ठरवायची, सांगायची. रुबिनाची बोटं चालायची. सहा वर्षं दोघी एका टेबलाशी बसल्या आणि यंत्राने त्या दोघींचं मिळून एक माणूस शिकून घेतलं. असं माणूस जगात कुठे नव्हतंच. आता त्याच माणसाला हजर करा, असं यंत्र म्हणत होतं.

रुबिना शिकलगार म्हणजे तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीतली. तिचे अब्बा तंबोऱ्याची जवारी लावायचे. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा इतका बारीक घासायचा, आणि तारेखाली सुताचा दोरा असा सरकवायचा, की तार नुसती वाजत नाही, गुंजते. रुबिनाने कोल्हापुरात ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेतलं, पण कान अब्बांचा घेतला. यंत्र आवाज फार स्वच्छ करून टाकतं, ऐकणाऱ्याला तो परका वाटतो, हे तिनेच प्रथम ओळखलं. प्रत्येक साच्यात ती माणसाच्या घशातली थोडी घरघर, थोडा खरखरीतपणा परत सोडायची. त्याला ती जवारीच म्हणायची. म्हणून तर स्वरठेवीच्या पेशंटना घरच्यांनी ओळखलं.

अब्बांचाही घसा गेला, तेव्हा स्वरठेवीतला पहिला आवाज त्यांचा ठेवला गेला. मागल्या वर्षी अब्बा वारले. माणूस गेला की आवाज पुसायचा, हा नियम त्रिशलानेच केला होता. एका मेलेल्या माणसाच्या आवाजात त्याच्या भावाने बँकेला फोन केल्यानंतर. रुबिनाने अब्बांचा आवाज पुसला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी ते त्रिशलाच्या लक्षात आलं. समोर भूपाल आण्णा बसले होते, त्यांच्या आवाजाचं काम अर्धवट पडद्यावर होतं, आणि त्रिशला त्यांच्या देखत म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा. कर."

रुबिनाने जेवणाचा डबा उचलला आणि निघून गेली. तिच्यामागे त्रिशलाने स्वतः ते बटण दाबून पाहिलं. यंत्राने ऐकलं नाही. काहीतरी बिघाड असेल म्हणून तिने विषय सोडला, आणि आण्णांचा अर्धवट साचा तसाच चालू करून दिला.

सारं समजलं तरी ती रुबिनाकडे गेली नाही. अभिमान मोठा चिवट असतो, आणि त्रिशलाचा तर अंमळ जास्तच. ती घरात येरझारा घालू लागली. जेवायला बसली आणि घास तोंडात न घालताच उठली. दर अर्ध्या तासाने लॅपटॉप उघडून बसायची, मुद्दाम डाव्या हाताने टाइप करायची, स्वतःशीच 'करू? कर' म्हणायची. ओळख पटत नव्हती. शेवटी कुणीतरी दिलेल्या नंबरावर तिने पुण्याच्या मिहिर दात्येला गाठलं.

दात्ये गाडी घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून त्याने मिसळ मागवली आणि काम अगदी सोपं असल्याचं सांगितलं. ऑफिसातल्या कॅमेऱ्याची सहा वर्षांची चित्रणं असतील ना? त्यांवरून त्याचं यंत्र हवं ते वळण बनवून देईल. संध्याकाळपर्यंत कुलूप उघडेल.

फीचं विचारलं तर तो हसला. पैसे नकोत म्हणाला. फक्त साच्यांची एक प्रत, संशोधनासाठी.

त्रिशलाच्या अगदी जिभेवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. उचलला तर पलीकडून तिचाच आवाज आला, तिच्याच ठसक्यात. "मी त्रिशला मगदूम बोलतेय. काही काळजी करू नका, सगळं व्यवस्थित होईल." समोर दात्ये मोबाइल टेबलावर ठेवून पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत होता. कालच्या एका फोनवरून बनवलाय, म्हणाला, गंमत म्हणून.

अशा बनावट आवाजात आण्णा उद्या कुणाकुणाला फोन करतील, मास्तर कुठल्या कागदाला होकार देतील, कोण सांगणार? ज्यांनी घसा कापून घ्यायला जाण्याआधी विश्वासाने तिच्यापाशी आवाज ठेवला, त्यांचे आवाज ती या दात्येच्या ताटात वाढायला निघाली होती. तिने चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि उठली. दात्ये मागून काहीतरी म्हणाला, ते तिने ऐकलं नाही.

ऑफिसच्या पायरीवर भूपाल आण्णा बसले होते. धोतर, टोपी, गळ्यात पट्टी. त्रिशलाला पाहून ते उठले आणि ओठ हलले.

"मी आपला अधिक वेळ घेणार नाही," ती गोड बाई म्हणाली. "माझी नात माझ्याजवळ येत नाही. ती म्हणते, आजोबांच्या गळ्यात बाई आहे."

आण्णांनी मान दुसरीकडे वळवली. रडणं मात्र पट्टीला वाचता येत नाही, ते त्यांचं त्यांनाच करावं लागलं. त्रिशलाने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि तशीच बाहेर पडली.

तंतुवाद्यवाल्यांची गल्ली चालत जाण्याइतकी जवळ. एवढी जवळ, आणि सहा महिन्यांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. रुबिना अब्बांच्या जागी बसून एका तंबोऱ्याची घोडी घासत होती. तिने वर पाहिलं, पण हात थांबवला नाही. त्रिशला उंबऱ्यातच उभी राहिली. कुलूप, फोन, दात्ये, आण्णांची नात, सगळं तिने एका दमात सांगितलं. मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. अधिकारी बाईशी ती पुन्हा बोलली होती. ओळख पटली तरी आतली मृतांची माहिती आधी पुसावी लागेल. ती पुसल्याशिवाय जिवंत माणसांचे आवाज सुटणार नाहीत.

रुबिनाने घोडी खाली ठेवली.

"म्हणजे अब्बांना पुसायला मला बोलवायला आलीयस."

"हो," त्रिशला म्हणाली. "आणि त्या दिवशी मी चुकले हे सांगायला. नियमात नाही चुकले. तू बसली होतीस आणि मी तुला हुकूम सोडला, आण्णांच्या देखत. ते चुकलं."

रुबिनाने तार छेडली, ऐकली, मान हलवली. तिला राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. तिच्याकडे अब्बांचा आवाज असा दुसरा कुठेच नव्हता. मोबाइलमधले दोनचार निरोप, तेही खोकल्याने भरलेले. तिथे, त्या कुलपात, अब्बा धडधाकट घशाने बोलत होते. ऐकायला मिळत नसलं तरी ते आत आहेत, एवढ्या आधारावर तिने सहा महिने काढले होते. आता महिनाअखेरीला तेही जाणार होते आणि सोबत आण्णा, मास्तर, बांगडीवाली.

"आण्णांचं काम अर्धवट राहिलंय ना माझ्याकडून?" तिने विचारलं. त्रिशलाने मान डोलावली. रुबिनाने हात पुसले आणि चपला घातल्या.

दोघी टेबलाशी बसल्या. आण्णा कोपऱ्यात. यंत्राने एक सरावाचं काम दिलं: एक नमुन्याचा आवाज, तो नेहमीप्रमाणे तयार करायचा. आवाज सुरू झाला आणि तिघांनीही ओळखला. तीच सरकारी बाई.

सुरुवातीला काही जमेना. त्रिशला अतिनम्रपणे सांगत होती, रुबिना अतिकाटेकोरपणे ऐकत होती, आणि पडद्यावरची हिरवी रेघ जागची हलत नव्हती. नाटक करणाऱ्या माणसांना यंत्र ओळखत नाही. मग बाईच्या आवाजात एका ठिकाणी 'स'ची शिट्टी वाजली आणि त्रिशलाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शी, काय ते. परत लाव."

"लावतेय. घाई कसली असते गं तुला नेहमी?"

रेघ हलली. त्यानंतर दोघी भांडल्या, अडल्या, एकीने कपाळाला हात लावला, दुसरीने खुर्ची मागे सरकवली. रुबिनाचा डावा हात चालत होता. सरकारी बाईच्या गळ्यात तिने इतकी जवारी सोडली की बाई एकदम कुणाची तरी मावशी वाटायला लागली, आणि कोपऱ्यात आण्णांचे खांदे हसण्याने गदगदले. रेघ भरत गेली. ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं तेव्हा पडद्यावर अक्षरं आली: 'ओळख पटली. स्वागत आहे.' जे माणूस जगात नव्हतं ते परत कामावर आलं होतं.

लगेच दुसरी ओळ आली. 'एक मृत व्यक्तीची नोंद. पुसल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' खाली अब्बांचं नाव होतं, शेजारी ऐकण्याचं बटण आणि पुसण्याचं बटण.

त्रिशलाने विचारलं, एकदा ऐकायचंय का. आण्णा आणि ती बाहेर थांबतील.

"ऐकलं तर पुसणार नाही," रुबिना म्हणाली.

तिने बोट सरळ पुसण्याच्या बटणावर ठेवून दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. हिरवी रेघ थोडी उतरली. त्रिशला घाबरली, आणि त्याच क्षणी तिला कळलं की यंत्र कशाची वाट पाहतंय. यंत्राच्या ओळखीचं माणूस असं तडकाफडकी काही पुसत नाही. ते आधी विचारतं. रुबिनालाही कळलं. तिने बोट उचललं आणि पडद्याकडे बघतच विचारलं.

"करू?"

सहा वर्षांत त्रिशलाने उत्तरादाखल 'कर' हा शब्द शेकडो वेळा उच्चारला होता, फाइल चाळता चाळता, चहा पिता पिता. सहा महिन्यांपूर्वी तो तिने फेकून मारला होता. आज तो तसा म्हणून चालणार नव्हतं. तिला आण्णांची दया आली, रुबिनाची आली, थोडी स्वतःचीही आली. रडक्या आवाजात म्हटलं तर यंत्र ओळखणार नाही. दरडावून म्हटलं तर रुबिना आयुष्यभर विसरणार नाही. तो रोजच्यासारखाच म्हणायला हवा होता, जसा ती रुबिनाला म्हणत आली होती. तिने रुबिनाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"कर," ती म्हणाली.

रुबिनाने बटण दाबलं. अब्बांचं नाव पडद्यावरून गेलं आणि खालची नावं एकेक करून उजळत वर सरकली. रुबिनाचा हात तिथेच राहिला होता, बटणावर.

कोपऱ्यात आण्णांच्या पट्टीतून आधी एक खरखर आली, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग गुळाच्या बाजारातून दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा आवाज खोलीभर झाला.

"आवं आलं की! ताई, आलं बगा! थांबा, पोरीला फोन लावतो. आज्जा बोलतोय म्हनावं, बाई न्हवं!"

आण्णा फोन कानाला लावून दारात गेले. त्यांच्या आवाजात घरघर होती, भरपूर, तार गुंजावी तशी. नातीशी बोलताना ती कमीजास्त होत होती. रुबिना मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिली. डोळे भरले होते, ते तिने पुसले नाहीत.

"जवारी जरा जास्त झालीय आण्णांची," ती म्हणाली. "उद्या बोलव त्यांना. सकाळी बसू."